तटस्थ माणसाची सोयरीक

९ नोव्हेंबर १९८१, हिंगणी

आलो बापा एकदाचा. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून सेलू, सेलूहून हिंगणी, आणि तिन्ही एसट्यांत उभ्यानं. पेटी डोक्यावर, कंदील हातात आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा पोटाशी. कंडक्टर विचारत होता, निवडणूक लागली काय म्हणून.

ज्यांनी मला नोकरीवर ठेवलं त्या प्राध्यापक मॅडमच्या कामाचं नाव एवढं लांब आहे की बाबांना सांगताना माझीच धाप लागली होती. 'ग्रामीण दैनंदिन जीवनातील धर्म व जमात यांचा दीर्घकालीन सामाजिक अभ्यास.' बाबा म्हणाले, "म्हंजे करा काय लागते?" मी म्हणालो, लोकांच्या घरी जायचं, कोणते देव पूजता, कोणाकडे जेवता, कोणाकडे जेवत नाही, हे सगळं विचारून लिहून घ्यायचं. बाबा म्हणाले, "हे त तुही आत्या फुकटात करते."

काम पाच वर्षांचं आहे. उन्हाळ्यापर्यंत मी कच्चा, मग मॅडम येऊन पाहणार आणि पक्का करणार. नाही केलं तर देवळीच्या आमच्या डाखोरे किराणा दुकानात बसायचं आणि गुळावरच्या माश्या हाकलायच्या. मॅडमनी निघताना दोन गोष्टी बजावल्या. एक, राग आवरा. दोन, तटस्थ राहा, गावात कोणाशी नातं जोडू नका. मी म्हणालो, मॅडम, माझं माझ्या सख्ख्या चुलत्यांशीही पटत नाही, तुम्ही निश्चिंत असा.

खोली मनकर्णाबाईंच्या घरी मिळाली. विधवा बाई, शेती स्वतः पाहतात, बैलही त्यांना वचकून असतात. जेवण त्यांच्याकडेच. एक मुलगी आहे, लीला, मॅट्रिक झालेली. प्रश्नावली क्रमांक एक यांचीच भरली.

१४ नोव्हेंबर

आज रूपरावांचं घर. सुरुवात ठरल्याप्रमाणे: कुळ कोणतं, मामेकुळ कोणतं, कुलदैवत कोणतं, घरात माणसं किती, मुली किती, शिकल्या किती, उपास कोणते करतात. रूपरावांना तीन मुली.

काय सांगू पाहुणचार! आधी पोहे, मग शिरा, मग शेजारच्या घरून खुर्ची. थोरली चहा घेऊन आली, नवं लुगडं नेसून. मधली सुपारी घेऊन आली. धाकटी दारातून डोकावली तर तिला आईनं मागे ओढलं, "तुहा नंबर मंग येईन" म्हणून. रूपराव न विचारता म्हणाले, "आमच्या पोरी पहाटी चाराले उठतात, भाऊ. लिहा." लिहिलं.

शेजारी बबनराव, चार मुलगे, मुलगी एकही नाही. तिथं पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. उलट बबनरावच मला विचारायला लागले, "रूपरावच्या थोरलीचा रंग कसा हाय?" मी म्हणालो, रंगाचा रकाना आमच्याकडे नाही. पण एकंदर घर चांगलं, शिऱ्यात तूप भरपूर. ते ऐकून त्यांनी पाणी दिलं.

२६ नोव्हेंबर

कुणब्यांची आळी संपली. एक शोध लागला आहे, तो आजच मॅडमला कळवला: *ज्या घरात मुली जास्त त्या घरात देवधर्म जास्त, आणि ज्या घरात नुसते मुलगे तिथं धर्माचा ऱ्हास होतो.* आकडे माझ्या बाजूनं आहेत. मुलगी असलेल्या प्रत्येक घरी सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं कडक. एकाही घरात उशिरा उठणारी मुलगी नाही, आणि कोणाच्याही आजोबांनी दारूला हात लावलेला नाही. काय गाव आहे! आमच्या देवळीत असं एक घर दाखवून द्यावं कोणी.

लीलाला हा शोध वाचून दाखवला. तिनं पदर तोंडात कोंबला आणि चुलीपाशी जाऊन बसली. विद्येपुढे माणसं लाजतात.

५ डिसेंबर

आज गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर. मंगरूचं घर. मंगरू जंगलात कूप तोडायला, म्हणजे खात्यानं आखून दिलेली झाडं पाडायला जातो, बायको नाही, मुलगी सुंदरा. मी खाटेवर बसलो, पेन काढलं आणि विचारलं, "तुमचे देव किती?"

मंगरूनं मला वरून खाली पाहिलं. मग उठला आणि मोठ्या भावाला घेऊन आला. भावानं आणखी तिघांना आणलं. सगळे गोंडीत कुजबुजले. सुंदरा हातपाय धुऊन, केस विंचरून आली आणि पाण्याचा लोटा माझ्यापुढे ठेवून गेली. मग मंगरू घसा खाकरून म्हणाला, "सात."

देव मोजायला पाच माणसं काऊन लागली, हे मला कळलं नाही. पण पुढचं ऐका. तो मला विचारतो, "अन् तिकडचे किती?"

"कुठले तिकडचे?"

"तुमी ज्याईच्याकडून आले त्याईचे."

म्हणजे मॅडमचे. मी म्हणालो, "त्या देव मानत नाहीत."

"एकबी नाई?"

"एकही नाही."

मंगरूचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, "मंग कसं जमन?" मी म्हणालो, जमतं, आमच्या शास्त्राला काही अडचण नाही. त्याच्या भावानं हळूच लोटा उचलून नेला. मी पाणी प्यायलोही नव्हतो!

१२ डिसेंबर

धरणापलीकडच्या टोल्यावर जंगलूचं घर. हाही गोंड, हाही जंगलात कामाला. याचे देव सहा. मी सहज म्हणालो, "मंगरूचे तर सात आहेत."

जंगलू उठून उभाच राहिला. "सात? खरंच सात? तुमी सोता विचारलं?" मी म्हणालो, मी ऐकीव गोष्टी लिहीत नाही. त्यानं कोंबडा पकडायला पोरं पळवली.

जेवताना त्यानं समजावलं. ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते भाऊ भाऊ, त्यांच्यात लगीन होत नाही. सातवाल्यांचं सहावाल्यांशी होतं. म्हणून देव किती हे आधी विचारायचं, मग बाकीचं बोलायचं. किती महत्त्वाची माहिती! मी तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. मनात हसूही आलं. लग्नासाठी देव मोजतात, भोळी माणसं.

मग जंगलूनं विचारलं, सुंदरा कामाला कशी आहे. मी खरं ते सांगितलं: तिची लाकडाची मोळी उचलायला गेलो तर मोळी हलली नाही, माझी कंबर हलली. जंगलूनं आपल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा लाजला. मोळीत लाजण्यासारखं काय आहे?

१५ जानेवारी १९८२

काल संक्रांत. गावच्या सगळ्या मुलींनी तिळगूळ दिला, "घ्या भाऊ", "घ्या भाऊ". गावभर बहिणी झाल्या. लीलानं दिला तेव्हा ती नुसतं "घ्या" म्हणाली. ती मला भाऊ म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. हाक मारायची असेल तर भांडं आपटते.

सकाळी स्टोव्ह पेटेना. मी पंप मारला, पिन केली, शिव्या दिल्या आणि शेवटी लाथ मारली. स्टोव्ह अंगणात, रॉकेल माझ्या धोतरावर. लीला एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मनकर्णाबाई गोठ्यातून पाहत होत्या. म्हणाल्या, "रोजच असे तापता काय, भाऊ?" मी म्हणालो, छे, पहिल्यांदाच.

लिहूनच टाकतो. मला लीला आवडते. तटस्थपणे पाहिलं तरी आवडते. तिची प्रश्नावली मी चारदा भरली आहे. दर वेळी म्हणतो, मागची उंदरानं खाल्ली. उपास कोणता करतेस, उपासाला काय खातेस, भगर आवडते की साबुदाणा. तीही दर वेळी बसून सगळं सांगते. हिंगणीचे उंदीर फार वाईट, म्हणते.

आणि आज ऐकलं की मनकर्णाबाई तिला याच उन्हाळ्यात उजवणार आहेत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत. तळेगावहून एक मास्तर सांगून आला आहे म्हणे. जेवण गेलं नाही. बोललो तर नोकरी जाते, नाही बोललो तर लीला जाते. आली का पंचाईत!

२ फेब्रुवारी

सुंदराचं लग्न ठरलं, जंगलूच्या मुलाशी! काय योगायोग आहे पाहा, दोन्ही घरं माझ्या अभ्यासातली. मंगरूनं मला मुद्दाम बोलावलं, सगळ्यांच्या मधोमध बसवलं आणि माझ्या डोक्याला फेटा बांधला. सगळे पाया पडले. मला भरून आलं. एवढं शास्त्राचं महत्त्व शहरातल्या लोकांनासुद्धा कळत नाही.

परत येताना बबनरावांनी हाक मारली. त्यांच्या थोरल्याचं रूपरावांच्या थोरलीशी जमलं. माझ्या हातात नारळ आणि टॉवेल ठेवला. म्हणाले, "तुमचा पायगुन चांगला हाय, भाऊ." चार बाया वाटेत थांबवून म्हणाल्या, आमच्याही घरी या. मी म्हणालो, क्रमानं येईन, घाई करू नका.

१८ फेब्रुवारी

हिंमत केली!

सरळ तोंडानं विचारणं काही मला जमेना. म्हणून प्रश्नावली घेऊनच मनकर्णाबाईंपुढे बसलो. कुळ पुन्हा विचारलं. कोल्हे. मामेकुळ, बोबडे. मी म्हणालो, "मावशी, आमच्या देवळीत एक डाखोऱ्यांचं घर आहे. कुळ कुठंच आडवं येत नाही."

त्यांनी हातातली परात खाली ठेवली. "पोरगा काय करते?"

मीही मोठा खानदानी, स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कसं सांगावं? मी म्हणालो, "पोरगा बी. ए. आहे. संशोधनात नोकरी आहे."

"पेते काय?"

"चहा."

"सभाव?"

"गाईसारखा."

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाहत पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "तळेगाववाल्याले थांबवतो मंग. होळी झाली का पोराले घेऊन येजा, पाहू."

'पोराले घेऊन येजा'! काय विनोदी बाई आहे! मी मोठ्यानं हसलो. त्या हसल्या नाहीत. खऱ्या विनोदी माणसाचं हेच लक्षण.

२० फेब्रुवारी

कुत्र्यानं माझी चप्पल नेली. मी दुसरी चप्पल हातात घेऊन त्याच्यामागे मारुतीच्या देवळाला फेऱ्या घातल्या, तोंड चालूच होतं. थांबून पाहतो तर पारावर मनकर्णाबाई. म्हणाल्या, "देवळीचा पोरगा खरंच शांत हाय ना, भाऊ?"

धापा टाकत म्हणालो, "अगदी."

१२ मार्च

बाबा येणार आहेत, येत्या रविवारनंतरच्या रविवारी. आणि आजच मॅडमचं कार्ड: त्यासुद्धा त्याच रविवारी पाहणीला येताहेत. माझं नशीब म्हणजे एसटीसारखं, येत नाही तर येत नाही, आणि आलं की दोन एकदम.

लीलाला सांगितलं. ती म्हणाली, "मंग काय होते? पोहे जास्त करू."

२१ मार्च

आजचं आजच लिहितो.

सकाळपासून अंगणात सतरंज्या. रूपराव, बबनराव, टोल्यावरून मंगरू आणि जंगलू, सगळे माझा मान ठेवायला आलेले. बाबा आले, कोशाची रेशमी टोपी घालून. मनकर्णाबाईंनी त्यांचे पाय धुवायला पाणी दिलं. मी बाबांच्या शेजारी बसलो. पोहे झाले, चहा झाला. जो तो फाटकाकडे पाहतोय. दुपारची एसटी आली, गेली. रूपराव बाहेर जाऊन रस्ता पाहून आले.

शेवटी बबनराव म्हणाले, "पोरगा कवा येईन?"

मी म्हणालो, "कोणता पोरगा?"

"लीलाले पाहाले येनारा."

"मीच की."

गोठ्यातल्या बैलानंही मान वर केली. मग एकदम कालवा. "हा? हा त मध्यस्थ हाय!" "सोयरिकी जमवनाराच बाशिंग बांधून राह्यला!" रूपराव कपाळावर हात मारून म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाले वळसा!" जंगलू मंगरूला विचारत होता, "याचे देव किती हाय, कोनी विचारलं काय?"

मध्यस्थ? मी? माझ्या डोक्यात तेव्हा लख्खकन प्रकाश पडला. खुर्च्या, शिरा, नवी लुगडी, पहाटे चार, फेटा, टॉवेल. कुळ विचारत, देव मोजत, मुली मोजत दारोदार फिरणारा माणूस या मुलखात दुसरा कोण असतो? भैताड आहेस तू, भैयाजी. पक्का भैताड.

आणि त्याच क्षणी फाटकात मॅडम उभ्या. बबनरावांनी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, "या बाई, तुमचा मानूस लय गुनाचा. दोन सोयरिकी जमवल्या, तिसरी सोताचीच लावून राह्यला." मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांना कोणीतरी पोहे दिले. त्या पोह्यांची बशी धरून तशाच बसल्या.

मनकर्णाबाईंनी हात वर केला.

"सोयरीक आनली कोनं? यायनं. मंग पोराची हमी कोन देईन? जो आननारा त्यानंच. हे रीत हाय. सांगा भाऊ, सगळ्यायपुढं सांगा. पोरगा कसा हाय?"

सगळं गाव माझ्याकडे पाहतंय. तुळशीपाशी लीला उभी, तीसुद्धा. गाईसारखा असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तिच्यापुढे खोटं बोलवेना.

म्हणालो, "पोरगा रागीट आहे."

"लय," बाबा म्हणाले.

"स्टोव्हला लाथ मारतो."

"घरी तीन फोडले."

"स्वतःला फार शहाणा समजतो आणि समोरचं दिसत नाही."

"बारीक बारीक सांगून राह्यला," बाबा म्हणाले, "मोठं सांग ना. बी. ए.ले दोनदा नापास झाला."

"दोनदा झालो नापास. नोकरी होती, ती," मी मॅडमकडे पाहिलं, "आता बहुतेक नाही. दुकानात बसावं लागेल, आणि दुकानातही गिऱ्हाइकाशी भांडतो. पण मावशी, या घरची भाजी एवढी तिखट असते की घासागणिक डोळ्यांतून पाणी येतं. नोव्हेंबरपासून एकदाही पोरगा 'तिखट कमी टाका' म्हणाला नाही. वाढणारी उठून जाईल म्हणून."

कोणी हसलं नाही. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मनकर्णाबाई लीलाकडे वळल्या. "तू काय म्हन्ते? तुले ठाऊक होतं काय हा कोनासाठी विचारून राह्यला?"

लीला म्हणाली, "व माय! चार चारदा विचारते, भगर आवडते का साबुदाना. दुसऱ्यासाठी कोनी इतकं विचारते काय?"

तेव्हा कुठं अंगण हसलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आजवर कोन्या मध्यस्थानं पोराचे ऐब सांगतले नाई. सगळे गाईसारखेच राह्यतात. हा पह्यला खरं बोलला. कुकू आना."

२३ मार्च

मॅडमनी दोन दिवस बसून माझ्या सगळ्या प्रश्नावल्या तपासल्या. आधी रागावल्या, मग वाचता वाचता हसायला लागल्या, मग पुन्हा रागावल्या. म्हणाल्या, "भैयाजी, हा धर्माचा अभ्यास नाही, ही उपवर मुलींची जाहिरात आहे. लोकांनी तुम्हाला एक खरी गोष्ट सांगितलेली नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

मी म्हणालो, मी करतो.

"तुम्ही? तुम्ही आता गावचे जावई. जावयाला कोण खरं सांगतं?"

माझी नोकरी गेली. गेली ती कोणाला मिळाली, तर लीलाला! मॅट्रिक आहे, गाव ओळखतं, आणि मॅडमच्या मते तिला समोरचं दिसतं. लग्नापर्यंत हिंगणीच्या प्रश्नावल्या ती पुन्हा भरेल, लग्न झाल्यावर देवळीत हेच काम सुरू करेल, पाच वर्षं पक्की. मी गुळापाशी. बाबा एवढे खूश आहेत की विचारू नका. म्हणतात, "घरात एकाले त नोकरी लागली."

संध्याकाळी पेटी भरत होतो. लीला प्रश्नावल्यांचा गठ्ठा न्यायला आली. मी म्हणालो, मावशींना परवा धक्का बसला असेल नाही, पोरगा मीच निघालो म्हणून.

"आईले? आईले कायचा धक्का? तुमी 'डाखोऱ्याचं घर' म्हटलं तवाच तिनं वळखलं."

"मग सगळ्या गावापुढे मला का विचारलं? हमी म्हणे! रीत म्हणे!"

"अशी रीत गिरीत काई नाई हाय. आई म्हने, पोराचे ऐब एकदा पोराच्याच तोंडून सगळ्यायपुढं निंघाले पाह्यजे. मंग पुढं जलमभर तो नाई म्हनू शकत नाई."

म्हणजे! एक महिना ती बाई मला नाचवत होती! रोज विचारायची शांत आहे ना, शांत आहे ना! मी चिडलो, भयंकर चिडलो. पेटीचं झाकण आपटलं, कंदील उलटला, काच फुटली.

लीलानं गठ्ठा कडेवर घेतला, फुटलेल्या काचेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "हा ऐब त सांगतलेलाच हाय."